मोटर नेमकी थांबवता येते का?

दहावी-बारावीनंतर ‘रोबोटिक्स’ किंवा ‘ऑटोमेशन’ असे नाव लावलेल्या कोर्सकडे पालक आशेने पाहतात आणि फी ऐकून धास्तावतात. माझे म्हणणे असे, की नावाला भुलण्याआधी एकच विचारावे: इथे मुलांना मोटर ठरल्या जागी थांबवायला शिकवतात का? सीएनसी मशीनचे टेबल असो, पाकिटावरच्या छापील खुणेशीच कापणारे पॅकिंग मशीन असो की रोबोचा हात, सगळ्यांचे मूळ काम हेच. वीज तोडली म्हणून मोटर जागच्या जागी थांबत नाही. फिरत्या भाराच्या जोराने ती पुढे सरकते. म्हणून सर्व्हो मोटरला एन्कोडर असतो. मोटर किती फिरली हे तो सतत कळवतो, आणि हवी ती जागा व प्रत्यक्षातली जागा यांतले अंतर पाहून ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा नियंत्रक, वेग उतरवत आणतो.

सगळे ड्राइव्हच करतो, ट्यूनिंगही आता आपोआप होते, मग माणूस कशाला? शंका रास्त आहे, पण हिशेब करून पाहा. टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा पिच 5 मिमी आणि एन्कोडर एका फेऱ्याला 10,000 पल्स देणारा असेल, तर कागदावर एक पल्स म्हणजे अर्धा मायक्रॉन. मशीन चालून चालून तोच पोलादी स्क्रू 5 अंशांनी तापला, की मीटरमागे 55 ते 60 मायक्रॉन वाढतो. म्हणजे शंभरावर पल्सची चूक, आणि मोटरवरच्या एन्कोडरला तिचा पत्ताच नाही! कपलिंग सैल असले तरी हेच घडते: मोटर बरोबर थांबते, टेबल मात्र चुकते. दोष प्रोग्रॅममध्ये आहे, वायरिंगमध्ये की लोखंडात, हे ओळखायला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रॅमिंग या तिन्हींची जाण एकाच डोक्यात लागते. आपले बहुतेक अभ्यासक्रम ती तीन वाटांनी शिकवतात, म्हणूनच असा माणूस सहज मिळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा पगार जास्त असू शकतो आणि चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट चुकत नाही, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या मुलाला उघडे यंत्र पाहिले की हात लावावासा वाटतो, त्याला या कारणासाठी अडवू नये. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा त्याला पुरेसा पाया देतो, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही उघडा राहतो. प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा मात्र स्वतः जाऊन पाहा. सर्व्हो, ड्राइव्ह आणि पीएलसी मुलांच्या हाताला लागतात की काचेच्या कपाटात असतात, हे तिथल्या शिक्षकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.