पाण्याची बाटली, दारूचे नाव



क्रिकेट स्पर्धेसाठी आपल्या युवक मंडळाला चषक हवा आहे. एका दारूविक्रेत्याने तो देऊ केला आहे. बदल्यात मैदानावर त्याच्या दुकानाचा फलक लावायचा. मुले विचारायला आली तेव्हा आम्ही लगेच "नको" म्हणालो नाही, हे कबूल करतो. चषकाला पैसे लागतात आणि विक्रेता परवानाधारक आहे. दोन दिवसांनी मात्र आम्ही मुलांना थांबायला सांगितले. त्याचे कारण सर्वांसमोर मांडावे म्हणून हा पाठ.

केबल दूरचित्रवाणीच्या 1994 च्या नियमांनुसार दारूची जाहिरात करता येत नाही. प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. मग कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, पिण्याचे पाणी, गाण्यांच्या सीडी काढल्या. पडद्यावर पाणी दिसते, लक्षात राहते ते दारूचे नाव. 2008 साली आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या संघाचे नाव एका व्हिस्कीच्या नावावरून ठेवले गेले. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले तर मुले हसली. 2025 साली तोच संघ जिंकला तेव्हा त्यांनी फटाके फोडले होते! नववीतल्या मुलाने व्हिस्की चाखलेली नसते, पण नावावर त्याचे प्रेम आधीच जडलेले असते.

हे श्रीमंतांचेच दुखणे नाही. युगांडात रोजंदारीवरच्या माणसाला परवडेल अशी दारू प्लास्टिकच्या छोट्या पुडीत विकली जाई. ती शाळकरी मुलांच्याही हाती जाई. 2019 साली तेथील सरकारला त्या पुड्यांवर बंदी आणावी लागली. आपल्याकडे तेच काम 'नव्वद' करते. देशीची ती नव्वद मिलिलिटरची बाटली, चवीला संत्रा. सोयाबीन सोंगायला गेलेल्या पोराच्या एका दिवसाच्या मजुरीतून ती सहज निघते. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 व कडक मद्यासाठी 25 लागते, शिवाय परवाना. पण दुकानात कोणी वय विचारताना आम्ही तरी पाहिलेले नाही (आम्ही तेथे फारसे उभे राहत नाही, हेही खरे).

"फादर, येशूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केलाच ना?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. केला, आणि मिस्सामध्येही द्राक्षारस असतो. ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप म्हणत नाही, अतिरेकाला म्हणते. परंतु संत थॉमस अक्विनास यांच्या मते खरी मानवी कृती ती, जी माणूस बुद्धीने जाणून आणि इच्छेने निवडून करतो. जाहिरात बुद्धीशी बोलतच नाही. ती दारूचे गुणदोष सांगत नाही. षटकार, मैत्री, मर्दानगी दाखवते आणि शेजारी नाव ठेवते. निवड करण्याची वेळ येण्यापूर्वीच ओढ तयार झालेली असते. म्हणून केवळ पिणाऱ्याला पश्चात्ताप करायला सांगून आमचे काम संपत नाही. ओढ लावणाऱ्याचा वाटाही मोजावा लागतो. आमच्या प्रवचनांत आजवर हे फारसे आले नाही; पिणाऱ्याला बोलणे सोपे, तो समोरच्याच बाकावर बसलेला असतो.

आयाबहिणींना हे आधी कळले. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर 1993 साली दारूबंदी झाली. 2008 च्या शासन आदेशाने गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिले तर दुकान बंद करता येते. चंद्रपूरची 2015 ची बंदी मात्र 2021 मध्ये उठवली गेली. चोरटी विक्री वाढल्याचे कारण दिले गेले. बंदीने सर्व प्रश्न सुटतात असे आम्ही मानत नाही. पण आपल्या मैदानावरचा फलक ही केवळ शासनाची बाब नाही.

पुढील रविवारी मिस्सानंतर युवक मंडळाची बैठक आहे. आमचे मत आम्ही सांगितले, निर्णय मुलांनी घ्यायचा आहे. चषकाऐवजी लाकडी ढाल चालेल का, असे एकाने विचारले आहे. धामणगाव बढे व आसपास सुतारकाम येणारे आपले कोणी असतील तर त्यांनी बैठकीपूर्वी भेटावे.