गच्चीचे पातळ पांघरूण

लोणावळ्याजवळ नागफणीच्या कड्याशेजारी कुरवंडे हे गाव आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीची धार चढताना येथे रिते होतात. या परिसरात एका पावसाळ्यात ४,००० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग १०० चौरस मीटरच्या गच्चीवर किती पाणी पडेल? चार लाख लिटर!

उतरत्या कौलांवरून हे पाणी धावत निघून जाते. सपाट गच्चीवर मात्र ते रेंगाळते. काँक्रीट आपल्याला अभेद्य वाटते, पण त्यात बारीक छिद्रे आणि भेगा असतात. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे १५ सेंटिमीटर चढते. भेगांतही पाणी असेच ओढले जाते आणि सळईपर्यंत पोचते. सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. एके दिवशी छताचा पोपडा खाली कोसळतो. गळती म्हणजे केवळ बादली ठेवण्याचा प्रश्न नव्हे, तो असा!

यावरचा जुना उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उतार दिलेला कोबा. तो टिकतो, पण त्याचे ओझे फार. म्हणून काही मिलिमीटर जाडीची जलरोधक पटले वापरात आली. त्यांचे मुख्य प्रकार असे :

१. डांबरी पटल : नुसते डांबर उन्हात वितळते आणि थंडीत तडकते. म्हणून त्यात प्लास्टिक किंवा रबरासारखे बहुवारिक मिसळतात आणि मध्ये पॉलिएस्टरचे अथवा काचतंतूंचे कापड घालतात. प्लास्टिकमुळे ते उन्हाला दाद देत नाही. रबरामुळे ते लवचिक होते.

२. रबरी पटल : हे कृत्रिम रबर ई.पी.डी.एम. या नावाने ओळखले जाते. त्यातील काजळी जंबुपार किरण अडवते. व्हल्कनीकरण झाल्यामुळे ते पुन्हा वितळत नाही. म्हणून त्याचे सांधे चिकटपट्टीने अथवा डिंकासारख्या द्रव्याने जोडावे लागतात.

३. प्लास्टिक पटल : पी.व्ही.सी. आणि टी.पी.ओ. ही उष्णतेने मऊ होतात, म्हणून गरम हवेने त्यांचे सांधे एकजीव करता येतात. पी.व्ही.सी.मधील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू निघून गेले, की ते कडक होते.

४. द्रव पटल : पॉलियुरेथेनसारखे द्रव्य रंगासारखे लावतात. त्याला सांधाच नसतो. मात्र जाडी सगळीकडे सारखी राखणे कठीण.

आता खरी परीक्षा पाहू. काँक्रीटचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१ आहे. १० मीटर लांबीची गच्ची ३० अंशांनी तापली, तर ३ मिलिमीटर वाढते; रात्री पुन्हा आकसते. समजा, त्यामुळे एक भेग १ मिलिमीटर रुंदावली. भेगेवर पटलाची १० मिलिमीटर पट्टी न चिकटवता मोकळी असेल, तर तिला १० टक्केच ताणावे लागते. मोकळी पट्टी १ मिलिमीटरच असेल, तर ताण १०० टक्के! रबर हे सहज सोसते. काचतंतूंचे कापड काही टक्क्यांतच तुटते. म्हणूनच हलत्या भेगेवर पटल मुद्दाम मोकळे सोडतात.

हे घरी करून पाहा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे शेजारी ठेवा. सांध्यावर कागदाची पट्टी पूर्ण चिकटवा आणि पुठ्ठे अलगद ओढा. मग कागदाऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून तेच करा. कोण फाटते?

पटल कितीही चांगले असले, तरी पाणी बहुधा सांध्यातून, पन्हळीच्या तोंडाशी किंवा कठड्याच्या कोपऱ्यातून शिरते. म्हणून गवंडी कोपऱ्यात वाटा मारून गोलाई देतात आणि पटल त्यावरून कठड्यावर चढवतात.

काम झाले, की पन्हळी बंद करून गच्चीवर पाणी तुंबवतात आणि दिवसभर खालून छत पाहतात. पाच सेंटिमीटर पाण्याचे दर चौरस मीटरला ५० किलोग्रॅम ओझे होते. आपल्या गच्चीवर पाच टन! म्हणून जुन्या गच्चीवर जाणकाराला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये. मात्र ती मे महिन्यातच उरकावी. जूनमध्ये ती परीक्षा कुरवंड्याचा पाऊस स्वतःच घेतो!