अप्पांचा रुपया

सांगली

चि. ओंकार यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर कौतुकाने म्हणाली, "ताई, ओंकारने नाणी साफ करायचं औषध मागवलंय. दोन नाणी अशी लख्ख केलीत की बघत राहावं." त्यापुढे ती काय बोलली ते माझ्या कानांत शिरलंच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या दोन नाण्यांत अप्पांचा रुपया नव्हता ना रे?

कुठला ते तुला सांगायला नको. 1862चा, व्हिक्टोरियाचा. कडेला गडद निळा, आत येता येता जांभळट आणि राणीच्या गालावर सोनेरी पिवळा. अप्पांनी तो कागदाच्या पुडीत ठेवलेला असायचा आणि आम्हा भावंडांना कडेला धरूनच बघायला मिळायचा. बोट पृष्ठभागाला लागलं तर हातातून काढून घेत.

वहिनीला मी काही बोलले नाही. तिचं काय चुकलं? दिवाळी आली की आपण समया, ताम्हन, देव चिंचेने घासून काढतो. तांबं-पितळ चमकलं की घर चमकलं, हेच आपल्या हाताला वळण. पण तू दोन वर्षं प्रदर्शनं फिरतोस, जुन्या बाजारात रविवार घालवतोस. तुला तरी थांबून कुणाला विचारावंसं वाटायला हवं होतं. मी अजून जिवंत आहे, ओंकार. फोन उचलते.

आता नीट ऐक. त्या रुपयावर जो रंग आहे ती घाण नाही. हवेतल्या, कागदातल्या गंधकाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर धरतो. थर पातळ असतो तोवर प्रकाश त्याच्या वरून आणि तळातून परततो, आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात. आधी पिवळा, थर वाढला की जांभळट, मग निळा. म्हणजे अप्पांच्या रुपयावर कडेपासून आतपर्यंत तो थर कसा चढत गेला, ते रंगांतच दिसतं. याला कित्येक दशकं लागली आहेत. तुझ्या बाटलीला काही सेकंद लागतील.

बाटलीवरचं लेबल वाच. बहुतेक थायोयुरिया आणि आम्ल असेल. ते नुसता रंग काढत नाही. सल्फाइडमध्ये जी चांदी अडकली आहे ती नाण्याचीच चांदी, तीही त्या पाण्याबरोबर जाते. टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू दाबाखाली बाहेर सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. नाणं फिरवल्यावर प्रकाशाचा जो पट्टा गरगर फिरतो तो त्या रेषांमुळे. औषधात बुडवलं की त्या रेषा झिजतात. पुन्हा बुडवलं की अजून झिजतात. शेवटी पांढरं पण मेलेलं नाणं हाती उरतं. नवशिक्याला ते चकचकीत वाटतं, जाणकार मात्र हातात घेताच खाली ठेवतो. ग्रेडिंगवाले तर त्यावर 'साफ केलेलं' असा शिक्का मारून मोकळे होतात.

आणि त्या रुपयावर तर बघण्यासारखं असं बारीक काही आहे. 1862 हे साल ठशावर तसंच ठेवून 1874पर्यंत रुपये पाडत राहिले, हे तुला ठाऊक असेल. त्यांतले प्रकार लहानशा टिंबांच्या संख्येवरून आणि जागेवरून ओळखतात. औषधानंतर कापडाने रगडलंस तर आधी अशा टिंबांवरच हात पडेल. रगडलं नाहीस ना? बुडवलंच नाहीस ना?

तुझं म्हणणं मला माहीत आहे. जुने व्यापारीसुद्धा चांदी बुडवतात. बुडवतात, खोटं कशाला बोलू. कोरं करकरीत नाणं आणि त्यावर विद्रूप काळे डाग, अशा वेळी मुरलेला माणूस क्षणभर बुडवून भरपूर पाण्यात धुतो आणि कधी कधी नाणं वाचतं. रंगही बनावट असतात, गंधक आणि उष्णता देऊन लोक इंद्रधनुष्यं तयार करून विकतात, तेही खरं. पण त्यासाठी नजर लागते, आणि ती नजर शंभर न बुडवलेली नाणी पाहिल्यावर येते. पूर्ण काळं पडलेलं नाणं बुडवलं तर खालची चमक आधीच खाल्ली गेलेली असते, मग उरतो करडा पत्रा. हे आधी कळायला हवं.

तांब्याचं तर विचारूच नकोस. अप्पांच्या डब्यातल्या शिवराया आठव. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाला त्या राजाची ती नाणी, पुढे किती तरी काळ बाजारात चालत राहिलेली. त्यांची तपकिरी साय म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. बऱ्याच झिजलेल्या नाण्यांवर अक्षर आता धातूत नसतं, त्या सायीतच उरलेलं असतं. लिंबू-चिंच लावलीस की गुलाबी तांबं मिळेल आणि 'छत्रपति' जाईल. सातवाहनांची शिशाची नाणी कुणाकडे मिळाली तर व्हिनेगरच्या जवळपासही नेऊ नकोस, शिसं त्यात विरघळतं आणि ते अंगालाही वाईट.

नाण्यावरच्या पुसट खुणाही किती सांगतात बघ. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा, ग्रीक वळणाची अक्षरं, ब्राह्मी आणि खरोष्ठी पुसट डोकावतात. एक राजा हरला, दुसरा जिंकला, हे त्या पुसटपणात वाचता आलं. कुणी उत्साहाने ती नाणी आम्लात टाकून उजळली असती तर काय वाचलं असतं?

रागावले आहे, पण जास्त राग माझ्यावरच आहे. अप्पांनी जाडी वही घातली होती, नाणं कुठलं, कुणाकडून, काय वजन. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा म्हणाले, "बेबी, तू बसून लिही, मी सांगतो." मी एम.एस्सी.च्या धावपळीत होते. संध्याकाळी घरी यायचं आणि प्रयोगशाळेची जर्नलं उघडायची. पुढच्या रविवारी, असं म्हणत राहिले. वही मध्येच थांबली आहे. त्या रुपयाची नोंद तीत नाही. तो कागदाच्या पुडीत कुणी दिला, का जपला, आता कुणाला विचारणार? वहीत जे लिहिलं गेलं नाही ते निदान नाण्यावर तरी राहावं, म्हणून जीव तुटतो रे.

तुझा हुरूप मला मोडायचा नाही. या घरात अप्पांनंतर त्या डब्याकडे वळून बघणारा तूच एक आहेस. दादाने कधी झाकण उघडलं नाही. तू नाणी अंगठा-तर्जनीने कडेला धरतोस ते मी मागल्या गणपतीत पाहिलं होतं, आणि आत जाऊन डोळे पुसले होते.

धुवायचंच असेल तर माती, चिकटपणा धू. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेव, पाणी बदल, मऊ कापडावर टिपून घे, पुसू नकोस. पीव्हीसीच्या पाकिटांमुळे हिरवा चिकटा आला असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं, ते धातूला लागत नाही. फक्त खिडकी उघडी ठेव आणि गॅसपासून लांब बस. ती पाकिटं फेकून दे, पॉलिएस्टरची आण. डब्यात रबरबँड ठेवू नकोस, त्यातही गंधक असतं. पावसाळ्यात सिलिका जेल टाक. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली आणि झटकूनही पुन्हा आली, तर तो रोग आहे, क्लोराइडचा. ते नाणं वेगळं ठेव आणि मला दाखव, संग्रहालयात काम केलेल्या माणसाकडे नेऊ.

परीक्षा झाली की मे महिन्यात इकडे ये. अप्पांचा तराजू अजून चालतो. तू वजन कर, मी लिहीन, आणि मला जेवढं आठवतं तेवढं सांगेन. माझाही हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, तेव्हा अक्षर तुझंच असलं तरी चालेल.

आणि रुपया बुडवून झाला असेल, तरी फोन कर. खरं सांग, मी ओरडणार नाही. तोही तसाच घेऊन ये, वहीत त्याचीही नोंद करू. वहिनीला मी यातलं काही बोलले नाही, तूही बोलू नकोस, तिला उगीच लागेल. खोकला बरा आहे का? रात्री गरम पाणी पीत जा.

तुझी,
बेबीआत्या