गोळी आधी, चहा मागून

आपल्या गळ्यात, कंठाच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. अवटू ग्रंथी हे तिचे मराठी नाव. ही ग्रंथी एक रस तयार करून रक्तात सोडते. शरीराच्या कामाचा वेग हा रस सांभाळतो.

हा रस कमी पडला म्हणजे काय होते? अंग जड वाटते. थंडी सोसत नाही. केस गळतात. शौचाला साफ होत नाही. वजन वाढते. बाईमाणसाची पाळी बिघडते. घरची माणसे म्हणतात, "हिला आळस चढलाय!" पण हा आळस नव्हे, आजार आहे. रक्त तपासले की तो कळतो. पुरुषांनाही तो होतो, पण बायकांत जास्त आढळतो.

आता खाण्याचे पाहू. थायरॉईडचा रस तयार व्हायला आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याहूनही कमी! पण तेवढेही मिळाले नाही तर गळा सुजतो. त्याला गलगंड म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंडाचे रोगी फार होते. तेथे 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधे मीठ दिले. आयोडीनचे मीठ खाणाऱ्यांत गलगंड कमी झाला. 1962 साली सरकारने देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला.

म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच आणावे. ते झाकणाच्या बरणीत ठेवावे. चुलीजवळ किंवा ओलीत ठेवू नये.

मग जास्त मीठ खाल्ले तर आजार बरा होईल का? नाही. आज पुष्कळ लोकांना हा आजार वेगळ्याच कारणाने होतो. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. तिथे जादा आयोडीन कामाचे नाही, उलट अपायच होतो. जादा मिठाने रक्तदाबही वाढतो.

कोबी, फुलकोबी, मुळा वर्ज्य करावा, असे पुष्कळजण सांगतात. आम्ही म्हणतो, भिऊ नका. या भाज्या शिजवून, बेताने खाल्ल्या तर चालतात. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, फळे असा चौरस आहार घ्यावा. पाणी भरपूर प्यावे. त्याने पोट साफ राहते. तळलेले आणि गोडधोड कमी करावे.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. कोणतेही अन्न गोळीची जागा घेत नाही. अमका काढा घ्या, गोळी सोडा, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

गोळी कशी घ्यायची? सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ नका. चहासुद्धा नको! चहा, कॉफी, दूध, सोयाबीन यांच्यामुळे गोळी अंगी नीट लागत नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी घ्या. उपास असला तरी ही गोळी चुकवू नका. गोळी पाण्याबरोबर घेऊन मग उपास करता येतो.

गरोदर बाईने तर फारच जपावे. पहिले काही महिने पोटातल्या बाळाला आईच्याच थायरॉईडचा रस मिळतो. तो कमी पडला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. ते रक्त तपासतात आणि बहुधा गोळीचे प्रमाण वाढवतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

घरात कोणी अशी गोळी घेत असेल, तर सकाळचा चहा तिच्यासाठी थोडा उशिरा ठेवा. एवढी सोय घरच्यांनी केली, की औषधाला यश येते.

प्रश्न

1. आयोडीनयुक्त मीठ कोठे ठेवू नये?
2. गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने प्यावा?
3. गरोदर बाईने डॉक्टरांना केव्हा सांगावे?