फेस्टून : एका झोलदार शब्दाची गोष्ट

जीआरईची शब्दयादी पाठ करताना मी एक सोपी युक्ती काढली होती. सजावटीचा शब्द दिसला की समोर 'सजवणे' लिहायचं आणि पुढे सरकायचं. अडॉर्न, बेडेक, एम्बेलिश, फेस्टून... सगळे 'सजवणे'! इनप्लांट ट्रेनिंगला ही युक्ती अंगाशी आली. शॉपमधली ओव्हरहेड क्रेन अडली होती. फोरमन म्हणाले, "वर जाऊन फेस्टून बघून ये." मी वर गेलो आणि पॅनलवरचा दसऱ्याच्या पूजेचा वाळका हार तेवढा बघून आलो.

क्रेनच्या पुढेमागे जाणाऱ्या ट्रॉलीला वीज देणारी केबल छोट्या छोट्या चाकांच्या गाड्यांना टांगलेली असते आणि दर दोन गाड्यांच्या मध्ये तिला झोल असतो. हेच फेस्टून. ट्रॉली जवळ आली की झोल खोल होतो, लांब गेली की उथळ. पण पार टोकाला गेली तरी थोडा झोल उरलाच पाहिजे. म्हणून गाड्यांच्या मध्ये केबलपेक्षा आखूड दोरी बांधतात. ओढ दोरीने सोसायची, केबलने नाही. त्या दिवशी नेमकी एक दोरी तुटली होती आणि ताण आल्याने केबलमधली तार आतल्या आत तुटली होती.

मग डिक्शनरी नीट उघडली. शब्द मूळचा इटालियन, 'फेस्तोने'. 'फेस्ता' म्हणजे सण, त्यावरून आलेला. फीस्ट आणि फेस्टिव्हल याच घरातले. दोन टोकांना बांधलेली, मध्ये खाली झुकलेली पानाफुलांची माळ हा खरा अर्थ. रोममध्ये इ. स. पू. 9 मध्ये अर्पण झालेली 'आरा पाचिस' ही वेदी आहे. तिच्या आतल्या भिंतींवर बैलांच्या कवट्यांमधून झुलणाऱ्या फळापानांच्या माळा कोरल्यात. संगमरवरातसुद्धा झोल सोडलेला नाही! आपल्या कोशात 'तोरण' लिहितात, पण आंब्याच्या पानांचं तोरण आपण दारावर बहुधा सरळ ताणून बांधतो. चित्र थोडं वेगळं आहे.

उच्चार करताना जोर 'टून'वर द्यायचा. क्रियापद म्हणून वापरलं तर पुढे 'विथ' येतं : 'द बाल्कनीज वेअर फेस्टून्ड विथ वेट टॉवेल्स.' असा तिरकस वापर इंग्रजीत भरपूर चालतो, आणि आमच्या हॉस्टेलला तो फिट्ट बसतो. रांगोळीला किंवा भिंतीवर चिकटवलेल्या फुग्यांना मात्र फेस्टून म्हणू नका. तिथे साधं 'डेकोरेट' बरं. गाडीच्या छतातल्या दिव्यात दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा बल्ब असतो, त्यालाही फेस्टून बल्बच म्हणतात.

आता गॅदरिंगच्या लायटिंगचं. माळ ताणून बांधली की छान दिसते असा आपला समज. 20 मीटर अंतर आणि मीटरला 200 ग्रॅम वजनाची माळ धरा. आडवा ताण = वजन प्रति मीटर × अंतराचा वर्ग ÷ (8 × झोल). झोल 1 मीटर ठेवला तर ताण येतो सुमारे 100 न्यूटन, म्हणजे 10 किलोचं ओझं. झोल 10 सेंटीमीटर केला की तोच ताण 1000 न्यूटन! मागच्या वेळी तिघांनी मिळून खेचलेली माळ उद्घाटनाच्या आधीच गच्चीच्या खिळ्यासकट का खाली आली, हे गणित तेव्हा कुणी केलं नव्हतं. मीही नाही. खेचणाऱ्या तिघांत मी होतो.