तात्यापारा, कचना की राजिमकडे? निवृत्तीनंतरचं घर ठरवण्याची कृती

रायपुरातल्या मराठी घरांत निवृत्ती जवळ आली की हा विषय हमखास निघतो. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा इथलं जुनं घर विकायचं आणि कचना, अमलीडीह नाहीतर नवा रायपूरला शांत जागी जायचं. मातीची ओढ असलेले थेट अभनपूर-राजिमच्या बाजूला जमीन बघतात. निर्णय बहुधा हिवाळ्यातल्या एखाद्या प्रसन्न सकाळी होऊन जातो. पुढची पद्धत वेळखाऊ आहे, पण साठीनंतर दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवणं जिवावर येतं, म्हणून ती पुरी करावी.

आधी कागद-पेन घ्या. नवरा-बायकोने वेगवेगळं बसून आपला नेहमीचा आठवडा लिहून काढावा: कुठे जाणं होतं, कोणाबरोबर, पायी की गाडीने. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, गोलबाजारातली खरेदी, बूढा तालाबकडचा फेरा, भजनी मंडळ, साखर-बीपीची तपासणी, सगळं लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. शांततेची हौस बऱ्याचदा एकाचीच असते आणि माणसांची यादी दुसऱ्याची लांब असते.

आता अवघड भाग. प्रत्येकाने आपल्या कागदावरून जोडीदाराचं नाव खोडावं आणि तोच आठवडा पुन्हा वाचावा. दोघांतलं एक जण आधी जाणार आहे, आणि घर मागे राहणाऱ्याला पुरलं पाहिजे. आजींना गाडी चालवता येत नसेल, तर नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर एकट्याने भाजी आणि औषध कसं आणणार? आजोबांना स्वयंपाक येत नसेल, तर गावाकडे डबा कोण देणार? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही जागा बघायला जाऊ नका. माझ्या मते सगळ्या कृतीत हाच टप्पा मोलाचा आहे, आणि तोच सर्रास गाळला जातो, कारण हे बोलणं घरात अशुभ मानतात.

नंतर दवाखाना. एम्स टाटीबंधला, म्हणजे शहराच्या पश्चिम टोकाला. मेकाहारा हे सरकारी रुग्णालय शहराच्या मधोमध. नवा रायपूर आग्नेयेला, स्टेशनपासून साधारण २० किलोमीटर. राजिम ४५ किलोमीटरच्या आसपास. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. म्हणून नियोजित घरापासून सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत रात्री एकदा आणि संध्याकाळच्या गर्दीत एकदा स्वतः जाऊन बघा. गावात राहायचं असेल तर जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं का, रात्री डॉक्टर असतात का, हे तिथे जाऊन विचारा. धानाच्या शेतांजवळ पावसाळ्यात मण्यार घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी ही तिथली पहिली खरेदी.

पसंती एका जागेवर आली की तिथे भाड्याने राहा. शक्य असेल तर वर्षभर, नाहीतर निदान मे, ऑगस्ट आणि डिसेंबर. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. बोअरला पाणी टिकतं का, दुपारी वीज गेल्यावर कूलरशिवाय खोली कशी तापते, फ्लॅट असेल तर लिफ्टला जनरेटर आहे का, हे तेव्हाच कळतं. ऑगस्टमध्ये रस्ता आणि गल्लीतलं पाणी बघा. डिसेंबरात हवा. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्या बाजूला घर बघत असाल तर रात्री गच्चीचा कठडा पुसून ठेवा आणि सकाळी ओलं पांढरं फडकं त्यावरून फिरवा. फडकं काळं निघालं तर दम्याच्या माणसाने ती जागा सोडावी, किंमत कितीही कमी असो.

भाड्याच्या काळात जुनं घर विकू नका. घाई करायचं कारण प्राप्तिकरातही नाही: राहतं घर विकल्यावर २ वर्षांत दुसरं घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या दीर्घकालीन नफ्यावर सवलत मिळते. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. हिशेब सीएकडून करून घ्या.

कागद तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. ‘भुइयां’ या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर खसरा नंबर घालून बी-१ आणि नकाशा काढा, विकणाऱ्याचं नाव जुळतं का बघा, मग पटवाऱ्याकडे जा. शहराबाहेर शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकण्याचे प्रकार खूप आहेत. डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती केल्याचा आदेश, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची मंजुरी आणि कॉलनी असेल तर छत्तीसगढ रेराचा नोंदणी क्रमांक, हे तिन्ही हातात घ्या. ‘डायव्हर्शन होऊन जाईल’ हे तोंडी आश्वासन मानू नका. भाव डिसमिलने सांगतात: १०० डिसमिल म्हणजे एक एकर, १ डिसमिल सुमारे ४३५ चौरस फूट.

रजिस्ट्री दोघांच्या नावावर करा आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्र लिहा. मुलांना घर आत्ताच बक्षीस द्यायचं असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३व्या कलमाचा आधार त्या अटीमुळे भक्कम होतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी नव्या पत्त्यावर गेल्यावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. जवळचा कोणता दवाखाना ते कार्ड घेतो, त्याचं नाव आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा.