टायर बदलण्याआधी त्यावरून हात फिरव

अगं, चारही टायर नवे घालायचे म्हणून तू पैसे बाजूला काढलेस, पण पुढचा डावा टायर आतून खाल्लाय आणि बाकी तीन धड आहेत, असं फोनवर तूच सांगितलंस. मग त्या एका टायरला कोण खातंय ते आधी शोधायला हवं. कारण न शोधता नवा चढवलास तर तोही तसाच जाईल, आणि जुन्यापेक्षा लवकर जाईल.

कराडच्या गॅरेजात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते उस्ताद गाडी आली की आम्हाला पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. आधी टायर बघायचा, खिळा-तार रुतलेली नाही ना याची खात्री करायची आणि मग त्यावरून तळहात फिरवायचा. आधी आडवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. मग गोलाईने. डोळ्यांना टायर सारखा दिसत असतो तेव्हाही हाताला फरक लागतो. मी पुढे सगळी कामं याच क्रमाने केली, तूही तेवढं शीक. गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी काय बिघडलंय हे आपल्याला कळलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आतली कड उभ्याने दिसत नाही, म्हणून लोकांना ती तार बाहेर आल्यावर कळते. गाडी सपाटीवर लावून हँडब्रेक ओढ, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळव, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड समोर येते. मागच्यांसाठी मोबाइल खाली धरून फोटो काढ. नक्षीच्या खोबणीत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मधली नक्षी शाबूत असून एकाच कडेला ती त्या उंचवट्याला टेकली असेल, तरीही तो संपलाच समज. पावसात पाणी कापायचं काम त्या कडेलाही करायचं असतं.

आता हाताला काय लागतं ते सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच राहिला, तर हवा कमी. मधला भाग गेला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त. हवेचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. मायलेज मिळतं म्हणून काही जण चाळीसपर्यंत हवा मारून घेतात. तसला कडक टायर खड्ड्यात दणका झेलत नाही, आणि तो सगळा पुढे सस्पेन्शनला जातो.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, सकाळी घरून निघताना किंवा जवळच्याच पंपावर. घाट उतरून आल्यावर मोजलीस तर चार-पाच पीएसआय जास्तच दाखवेल. ती सोडू नकोस, टायर थंड झाला की कमी भरेल. नायट्रोजन भरलास तरी महिन्याला मोजायचं सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तू आठवड्याला आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी करतेस, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेव. वळणांच्या रस्त्यावर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा थोड्या गोलसर होतात. आतल्या कडा ठीक असतील आणि डावं-उजवं सारखंच दिसत असेल, तर तो घाटाचा परिणाम आहे. वळणाआधी वेग कमी केलास की तोही कमी होतो. एकाच बाजूचा टायर खाल्ला जातो, तेव्हा मात्र घाटाला दोष देऊ नये.

तुझ्या डाव्या टायरचं निदान इथेच होईल. आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागली, तर टो बिघडलाय. म्हणजे चाकं समोरून आणि मागून समांतर नाहीत. टो आत असेल तर बाहेरची कड आधी जाते, बाहेर असेल तर आतली. यात चाक नुसतं फिरत नाही, ते सतत थोडं आडवं घासत असतं. दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरात फक्त ३ मिलिमीटरचा फरक पडला, तरी प्रत्येक चाक किलोमीटरमागे अडीच मीटरच्या आसपास आडवं घासतं. तुझी रत्नागिरीची एक फेरी सव्वाशे किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे एका फेरीत तीनशे मीटर रबर रस्त्यावर नुसतं फरपटत गेलं.

धार लागत नाही, पण कड उतरती झिजली आहे, असं असेल तर कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललंय. इथे सावध राहा. बऱ्याचशा छोट्या गाड्यांना कॅम्बर फिरवायची सोयच दिलेली नसते. तो बिघडला याचा अर्थ काहीतरी वाकलंय किंवा बुश गेलाय. अलाइनमेंटवाला ‘कॅम्बर थोडा बाहेर आहे, चालतंय’ म्हणाला, तर कुठला पार्ट वाकलाय ते विचार आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नकोस.

गोलाईने हात फिरवताना उंच-खोल, लाटा लागल्या तर शॉकॲब्सॉर्बर थकलाय, नाहीतर चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. अशी गाडी साठाच्या पुढे घूं घूं करते आणि लोक बेअरिंग बदलून बसतात. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर तो बहुधा टायरचा. रस्ता तोच असून वळणावर बदलला तर बेअरिंगचा संशय घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अलाइनमेंट करायच्या आधी प्ले, म्हणजे सांध्यांतला सैलपणा, बघून घ्यायचा. चाक जॅकवर उचलायचं, गाडीला स्टँड लावायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट, डावी-उजवीकडे धरून आली तर टायरॉड एंड. लोअर आर्मचे बुश टॉमीने दाबून बघायचे. यातलं काही सैल असताना मशीनवर आकडे हिरवे आले, तरी पहिल्या खड्ड्यात ते हलणार. ते पैसे वाया गेले. घाईच्या दुकानात ही पायरी गाळतात, म्हणून तू स्वतः उभी राहून करून घे. हवाही आधी बरोबर करायला लाव, आणि कामाआधीचा व कामानंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घे. स्टिअरिंग सरळ धरून गाडी सरळ जाते का, ते सपाट रस्त्यावर बघ. आपल्याकडे रस्त्याला पाणी जाण्यासाठी डावीकडे उतार असतो, त्यामुळे ती किंचित डावीकडे गेली तर बिघाड समजू नकोस.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर फिरवून घे. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे. पुढचे दोन सरळ मागे जातील, मागचे दोन डावे-उजवे बदलून पुढे येतील. टायरच्या अंगावर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. फिरवल्यावर हवा पुन्हा स्टिकरप्रमाणे कर, पुढची आणि मागची वेगळी असू शकते. आणि खाल्लेला टायर मागे टाकून विसरायचा नाही. मागे गेला की दिसत नाही, एवढंच होतं.

तर रविवारी आधी हवा, मग प्ले, मग अलाइनमेंट असं करून घे. त्यानंतर बाकीचे तीन टायर चालतील असं मला वाटतं, पण त्यांच्या अंगावरचे चार आकडी तारखेचे आकडे मला पाठव. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. एकटा डावा बदलू नकोस, जोडी घे, आणि नवी जोडी मागे लाव. दुकानदार पुढे लावायला सांगेल, कारण पुढचे लवकर झिजतात. तरी मागेच लावायला सांग. पावसात घाटाच्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर वेग कमी करून गाडी हातात ठेवता येते. मागचं घसरलं की गाडी गर्रकन फिरते, आणि आंबा घाटात फिरायला जागा नाही.